गुळगुळीत पानाच्या शोधात धारखालला

मी काढलेली फुलं नेसून देशभरातल्या बायका फिरतात, पण त्यातलं एकही फूल देवाने बनवलेलं नाही. साडीच्या छापाची डिझाइनं काढणं हा माझा धंदा. सुरतेत लिंबायतला आमचं घर. खाली गल्लीत लूमचा खडखडाट, वर माडीवर माझं टेबल. मार्केटमधले शेठ म्हणतात, "उषाबेन, फूल जरा मोटुं करो, पांदडां ओछां," की मी फूल मोठं करते आणि पानं उडवते. गुलाबाच्या दांडीला कमळाचं पान लावलं तरी आजवर कोणी हूं की चूं केलेलं नाही. म्हणूनच गोसावी मॅडमनी माझं चित्र परत पाठवलं तेव्हा ते मला फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी दिसलं तसं काढलं होतं!

या गोसावी मॅडम म्हणजे नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या बाई. आमच्या मंडळात त्या हिमालयातल्या औषधी झाडांवर बोलायला आल्या होत्या. त्याच विषयावर मराठीत पुस्तक करतेय आणि चित्रं काढणारं कुणी हवंय, असं त्या म्हणाल्या, आणि मी भर सभेत हात वर केला. त्यांनी परीक्षा म्हणून एकच झाड दिलं, पाषाणभेद. हे डोंगरात खडकाच्या फटीत उगवतं, जाड गोल पानं, गुलाबी फुलांचा घोस. दगड फोडून वर येतं म्हणून हे नाव. आपल्याकडे पानफुटीलाही काही जण पाषाणभेद म्हणतात, पण ते वेगळं. मॅडमच्या विद्यार्थ्यांनी हिमालयातल्या धारखाल गावाजवळ काढलेले फोटो मला मिळाले. मी भिंग लावून पाहिले. काही पानांवर दाट केस होते आणि काही पानं साफ गुळगुळीत, नुसत्या कडेला केसांची झालर. मी दोन्ही पानं काढून पाठवली.

मॅडमचा फोन आला. "उषाताई, हात सुंदर आहे तुमचा. पण झाड म्हणजे साडी नाही. आवडलं तिथे केस काढले, नाही आवडलं तिथे गायब केले, असं इथे चालत नाही."

"मॅडम, फोटोत तसंच आहे."

"ऊन पडलं की पान चकाकतं, केस दिसत नाहीत. पाषाणभेदाचे केसाळ आणि गुळगुळीत असे दोन प्रकार आहेत हे खरं. पण धारखालच्या खोऱ्यात मी कितीतरी वर्षं जातेय, तिथे केसाळच आहे. मी एप्रिलमध्ये निघतेय. तुम्हीही या आणि मला गुळगुळीत पान दाखवा. दाखवलंत तर पुस्तकातली सगळी चित्रं तुमची. नाही दाखवलंत तर मी दुसरं कुणी बघते, आणि राग मानू नका."

राग मानू नका म्हणे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मनाने फुलं काढून पोट भरलं हे कबूल, पण म्हणून मला डोळे नाहीत की काय? मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली. आमचे हे, म्हणजे सगळ्यांचे सुरेशभाऊ, मार्केटात कटपीसचा गाळा चालवतात. झाडांशी त्यांचा संबंध कोथिंबिरीपुरता. पण बायको एकटी डोंगरात जाते म्हटल्यावर गाळा भावावर सोपवून तेही निघाले.

धारखाल

गाडीतलं सांगत बसत नाही. हरिद्वारला मॅडम भेटल्या आणि तिथून जीपने वर. आमच्या सुरतेत चढ म्हणजे उड्डाणपूल. इथे रस्ता डोंगराला गुंडाळलेला, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ह्यांनी सगळा रस्ता डोळे मिटून काढला आणि वर "मी झोपलो होतो" असं सांगितलं.

धारखाल म्हणजे डोंगराच्या खांद्यावर बसलेली थोडीशी घरं. आम्ही उतरलो बिमलादीदींकडे. त्यांच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी असतात आणि मॅडम दरवर्षी तिथेच राहतात. दीदी माझ्याच वयाच्या, हसऱ्या आणि तोंडाने फटकळ.

"अरे दीदी, इतनी दूर से पत्ता देखने आए हो?" त्या मला म्हणाल्या. "सूरत में पेड़ नहीं होते क्या?"

"होते हैं, लेकिन पत्थर नहीं होते," मी म्हटलं. त्यावर त्या खूप हसल्या.

मी त्यांच्यासाठी सुरतेची नानखटाई नेली होती आणि माझ्याच डिझाइनची एक साडी. नानखटाई तिथल्या तिथे फस्त झाली. साडी त्यांनी दारात उजेडाला धरली, छापावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बहुत सुंदर है. ये कौन सा फूल है?"

आता काय सांगणार! पाकळ्या जास्वंदीच्या, मधला भाग सूर्यफुलाचा, पान कशाचं ते माझं मलाच आठवेना. मॅडम बाजूलाच चहा पीत होत्या. त्या कपाआडून हसल्या ते मी बरोबर पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण मात्र असं की राग निवळला. मंडुआची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी, पण त्यांची जाड आणि वर लोण्याचा गोळा. गहतची डाळ म्हणजे आपलं कुळीथ, लोखंडी कढईत घट्ट शिजवलेलं. भांगेच्या बियांची चटणी पाहून हे दचकले. त्यात नशा नसते हे दीदींनी समजावलं, तरी ह्यांनी आधी मला खायला लावलं आणि माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. आपल्याकडे पाहुणा नको म्हणाला तरी ताटात वाढतात. इथे नको म्हटलं की खरंच वाढत नाहीत. पहिल्या रात्री हे सवयीने "नको, नको" करत राहिले आणि अर्धपोटी उठले. दुसऱ्या दिवसापासून शहाणे झाले.

खालचा खडक

सकाळी मॅडम आम्हाला गावाखालच्या मोठ्या खडकाकडे घेऊन गेल्या. खडकाच्या प्रत्येक फटीत पाषाणभेद. लालसर जाड दांड्यांवर फिक्या गुलाबी फुलांचे झुबके आणि खाली नवी पानं तळहाताएवढी पसरलेली. फोटोत मी हे झाड इतकं पाहिलं होतं, पण समोर दिसल्यावर मी खडकापाशी गुडघेच टेकले. मॅडमनी हातातलं भिंग मला दिलं.

"बघा. वर केस, खाली केस, कडेला केस."

होतेच. दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखं लागत होतं पान. मी सबंध खडक पालथा घातला. एकूणएक झाड केसाळ. एक लाल पडलेलं जुनं पान गुळगुळीत लागलं म्हणून मी आनंदाने मॅडमकडे धावले, तर त्या म्हणाल्या, "हे मागच्या वर्षीचं आहे, उषाताई. पान म्हातारं झालं की वरचे केस झडतात. नव्याशी नवंच ताडून पाहायचं." चूक कळली. त्या बोलल्याही शांतपणे, पण माझं तोंड एवढंसं झालं.

दुपारी मॅडम दुखरा गुडघा धरून खोलीवर परतल्या. मी दीदींना विचारलं, "और कहाँ मिलेगा?" त्यांनी वर बोट दाखवलं. "ऊपर झरना है, वहाँ भी बहुत है. चढ़ाई है, देख लो."

"चला हो," मी ह्यांना म्हटलं.

"अवं, पाय तुटी जाई मना," हे गावाकडच्या बोलीत कुरकुरले. पण आले.

वाट म्हणजे बकऱ्यांची. एका जागी ह्यांचा पाय घसरला आणि त्यांनी आधाराला म्हणून जे झुडूप धरलं ती निघाली कंडाली. हात लागला की विंचू चावल्यासारखी आग होते असं झुडूप ते. ह्यांनी जी बोंब ठोकली ती समोरच्या डोंगरावर जाऊन परत आली. रात्री दीदींनी त्याच कंडालीची भाजी केली. हे दोनदा मागून जेवले आणि म्हणाले, "आता फिटलं."

पण ते नंतर. झऱ्यापाशी पोचलो तर काळा ओला कडा, वर बुरांशाची फुलांनी लालभडक झाडं आणि कड्याच्या पोटात पाषाणभेदच पाषाणभेद. मी पहिल्याच नव्या पानावर बोट फिरवलं, आणि बोट सर्रकन घसरलं. भिंग लावलं. वर काही नाही, खाली काही नाही, फक्त कडेला बारीक झालर! दुसरं झाड, तेच. तिसरं, तेच. मी तिथेच, त्या चिखलात, टाळ्या वाजवून नाचले.

"जपून," हे म्हणाले, "कडेलोट होईल." पण त्यांच्याही मिशीत हसू होतं.

झाडाला इजा नको म्हणून मोजकीच नवी पानं तोडली. ती दाबून न्यायला वर्तमानपत्र हवं होतं, पण ते खोलीवर राहिलं होतं. हे म्हणाले, "काळजी कशाला? माझ्याकडे आहे की." आणि पिशवीतून त्यांनी जॉर्जेटचे चौकोनी तुकडे काढले, बरेचसे पांढरे, एखाददुसरा रंगीत. गाळ्यातले नमुने. हा माणूस हिमालयात येतानाही नमुन्यांची गड्डी घेऊन आला होता, कुठे व्यापारी भेटला तर असावी म्हणून! प्रत्येक पान दोन तुकड्यांमध्ये ठेवून झकास घडी केली, दाबायला वर दगड बांधला आणि नाचत खाली आलो.

संध्याकाळी दीदींच्या ओट्यावर मी मॅडमसमोर ती घडी सोडली. मॅडमनी एक पान घेतलं, भिंग लावलं. दुसरं घेतलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

केस होते. पानाच्या वर केस, खाली केस, लांब लांब.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "नाही हो मॅडम, मी हात लावून पाहिलंय! गुळगुळीत होती!"

"होतं असं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "आपल्याला जे हवं असतं ते डोळ्यांना दिसतं. मलाही तरुणपणी झालंय. दमला आहात, उद्या सकाळी बोलू." त्या रागावल्या असत्या तर मी भांडले असते. त्या समजूत घालत होत्या, त्याने मी पुरती खचले. उद्याचा एकच दिवस उरला होता. खोलीत जाऊन मी सरळ कपडे भरायला लागले, आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना. म्हटलं, खरंच की काय मी सगळं मनाने बघते?

हे ओट्यावरच बसून राहिले होते. त्यांच्याकडे कापडाचे धागे मोजायचं छोटं भिंग असतं, ते त्यांच्या खिशातून कधी निघत नाही. ते लावून त्यांनी ती पानं उलटीपालटी केली. आणि एकदम ओरडले, "अवं उषा, आठे ये! हाई तं आपलं जॉर्जेट शे!"

मी आणि मॅडम दोघी धावलो.

"हा केस बघा," हे म्हणाले. "राणी कलर आहे. कुठल्या झाडाला राणी कलरचा केस येतो?"

खरंच की! बाकीचे पांढरे, पण मधूनच एक गुलाबी-जांभळा. कापलेल्या जॉर्जेटच्या कडांचे धागे सुटले होते आणि पानाच्या ओलसर अंगाला चिकटले होते. मॅडमनी चिमट्याने एक केस उचलला. तो अलगद निघून आला. पानाचा असता तर निघाला नसता. मॅडमनी चष्मा काढला आणि पोट धरून हसत सुटल्या. आमच्यासारखा घोटाळा साऱ्या जगात कोणी करणार नाही, असं त्या म्हणाल्या. तो सुरतवाल्यांनीच करावा म्हणे!

"मग पटलं ना मॅडम?" मी विचारलं.

हसू थांबलं. "नाही. ही पानं आता बाद. मला झाडावरच बघावं लागेल." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि वर झऱ्याच्या दिशेने पाहिलं. "उद्या निघू. सावकाश जाऊ."

झऱ्यावर

त्या चढणीचं वर्णन काय करू! मॅडम दर वळणावर बसत, पाणी पीत आणि पुन्हा उठत. दीदी पुढून त्यांचा हात धरून आणि मी मागून. हे कंडालीपासून चार हात लांब. एका जागी मॅडम म्हणाल्या, "उषाताई, एक सांगू? इतकी वर्षं येते, पण या गुडघ्याच्या भीतीने मी कायम खालच्या खडकापाशीच थांबले. वर केसाळच असणार, असं धरूनच चालले." त्यांच्या मोठेपणाने माझा सगळा राग तिथेच विरघळला.

झऱ्यापाशी त्यांनी पानावर बोट फिरवलं, भिंग लावलं आणि उलटून पाठही पाहिली. मग म्हणाल्या, "गुळगुळीत आहे. कबूल. पण इथे सावली आहे, वरून पाणी झिरपतंय. खालचा खडक उन्हात. सावलीमुळे केस आले नाहीत, असं कोणी म्हटलं तर काय उत्तर देणार?"

अहो, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! पण बोलणं खरं होतं. मी पदर खोचला आणि कड्याच्या पायथ्याशी शोधायला लागले. हे एका बाजूने, दीदी दुसऱ्या बाजूने. सूर्य डोक्यावर आला. मी गुडघ्यांवर रांगत होते, हात थंड पाण्याने बधिर झाले होते, आणि दीदींची हाक आली, "दीदी! इधर आओ, ये देखो!"

कड्यावरून कधीतरी सुटून आलेली एक शिळा, प्रवाहाच्या काठी. एकाच फटीत दोन झाडं, फुलं एकमेकांत अडकलेली. तेच ऊन, तेच पाणी, तीच माती. डावीकडचं पान केसाळ, उजवीकडचं गुळगुळीत. दोन्ही नवी कोरी. मी मॅडमना हाताला धरून आणलं आणि त्यांचं एक बोट एका पानावर, दुसरं बोट दुसऱ्या पानावर ठेवलं.

"आता?" मी म्हटलं.

मॅडमचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. पण बाई पक्की मास्तरीण! म्हणाल्या, "झाडं दोन आहेत हे सिद्ध झालं. तुम्हाला ती ओळखता येतात का, हे अजून नाही. डोळे बांधा."

मी पदराने डोळे बांधले. "भाऊ, तुम्ही तोंड उघडायचं नाही," मॅडमनी ह्यांना दम भरला. मग एकेक पान माझ्या हातात. मी बोट फिरवत गेले आणि सांगत गेले. केसाळ. गुळगुळीत, कडेला झालर. गुळगुळीत. केसाळ. मॅडम नुसतं "हं" म्हणत होत्या, आणि मला त्यांच्या आवाजावरून काही कळत नव्हतं.

मग आलं एक जाड, थोडं कडक पान. वरून साफ. कडेलाही काही लागेना. गुळगुळीत, असं तोंडाशी आलं होतं. पण झालरही नाही? मी थांबले. हे खोकले, तशी मॅडम ओरडल्या, "भाऊ!" मी पान उलटं केलं आणि पाठीवरच्या शिरेच्या कडेने नख ओढलं. नखाला खरखर लागली. शिरेच्या खोबणीत केस दडून बसले होते, तिथे ते झिजले नव्हते.

"केसाळ," मी म्हटलं. "म्हातारं पान आहे. वरचं झडलंय, शिरेपाशी राहिलंय."

मग मॅडमनी माझा पदर खसकन ओढला आणि मला मिठीच मारली. "कालचं खालच्या खडकावरचं लाल पान होतं ते! मुद्दाम आणलं होतं. उषाताई, शिरेपाशी बघायची ही खूण मी पुस्तकात घालणार, आणि तुमच्या नावाने घालणार. पाषाणभेदाला दोन चित्रं. बाकी सगळी झाडंही तुमचीच."

मी काय ओरडले ते माझं मलाच ठाऊक नाही. हे म्हणतात की मी "जिंकले, जिंकले" करत दीदींना गरगर फिरवलं आणि दोघी पाण्यात पडता पडता वाचलो. ह्यांनी डोळे पुसले आणि डोळ्यात माशी गेली असं सांगितलं. इतका आनंद मला कुठलं डिझाइन पास झाल्यावर कधी झाला नव्हता, आणि मी तो मुळीच लपवला नाही.

मग मी त्या शिळेसमोर मांडी घातली आणि कागद काढला. दीदींनी आणलेली रोटी तशीच राहिली. ऊन कलेपर्यंत मी काढत होते. डावीकडच्या पानाचे केस भिंगातून एकेक बघून, उजवीकडची झालर कडेकडेने. मध्येच बोट सवयीने एक फूल मोठं करायला निघालं, तेव्हा मी हात उचलला, पुन्हा झाडाकडे पाहिलं आणि फूल होतं तेवढंच काढलं.

मॅडमनी चित्र हातात घेतलं, भिंग लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं, आणि पेन माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, "खाली नाव लिहा तुमचं."

मी लिहिलं. उषा सुरेश पाटील, सुरत.